गावच्या चर्चची घंटा परत वाजली. तुमच्या मंडळीत अलीकडं काय झालं, सांगा

भोगावतीकाठ
जय ख्रिस्त. परवाच्या रविवारी आमच्या गावच्या चर्चची घंटा सात वर्षांनी वाजली. मी कोल्हापुरातून सकाळच्या एसटीनं गेलेलो. फाट्यावर उतरून ओढ्याच्या पुलापर्यंत आलो आणि पहिला ठोका ऐकू आला. तिथंच थांबलो. आजोबांचीच आठवण आली एकदम.

आजोबांनी ती घंटा चाळीसेक वर्षं वाजवली. पहिली घंटा उपासनेच्या अर्धा तास आधी, दुसरी बरोबर वेळेला. पहिली झाली की शिवारातली माणसं हातपाय धुवायला विहिरीवर यायची. जी मंडळीतली नव्हती तीही त्या आवाजावर न्याहारीला बसायची. कुणाची मयत असली की एकेक ठोका, मध्ये बराच वेळ सोडून. त्या दिवशी आजोबा घरी येऊनही बोलायचे नाहीत.

पुढं आतला लोळा झिजून पडला, तुळईला वाळवी लागली, आणि लाऊडस्पीकरवर घंटेचं रेकॉर्डिंग लागायला लागलं. यंदा शिरोलीला फाउंड्रीत कामाला असलेल्या आमच्याच एका पोरानं मनावर घेतलं. लोळा घंटेपेक्षा मऊ धातूचा लागतो, नाहीतर घंटेलाच तडा जातो, हे त्यानं पंचांना बसून समजावलं. तुळई सुतारानं नवी घातली, मजुरी घेतली नाही. दुसरी घंटा पंचांनी मला वाजवायला लावली. दोराला आजोबांनी मारलेली गाठ अजून तशीच आहे.

तुमच्याकडचंही लिहा. लहानसहान असलं तरी चालेल.

पंचगंगेची सून
आमच्या नोंदवह्या पूर्ण झाल्या!! 2019 च्या पुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका, आणि पाणी गेलं 55 च्या वर. चर्चमध्ये बाकं तरंगत होती. कपाटातल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या वह्या चार दिवस पाण्यात. सगळे म्हणाले उन्हात टाका. नशीब एका निवृत्त ग्रंथपाल काकांनी अडवलं. उन्हात कागद आकसतो, चिकटलेली पानं ओढली तर फाटतात. सावलीत पंखा लावून, मध्ये टीपकागद घालून, दर दोन तासांनी तो बदलत आम्ही महिला मंडळाच्या सहाजणी तीन आठवडे बसलो. नंतर 2021 चा पूर आला तेव्हा वह्या आधीच माळ्यावर नेलेल्या. यंदा ईस्टरला आम्हाला वाचता येतील तेवढ्या सगळ्या नोंदी नव्या वहीत उतरवून झाल्या. सासूबाईंच्या नोंदीत त्यांच्या आईचं नाव तेवढं वाचता येतंय, बाकी शाई गेली. तरी त्या त्यावर बोट ठेवून बसल्या होत्या.
गॅसवर दूध आहे, येते नंतर

गगनबावडेकर
ताई सलाम तुम्हाला. जुनी पानं मोडीत आहेत का?

पंचगंगेची सून
हो दादा, पहिली तीस-बत्तीस. ती तशीच राहिलीत.

गगनबावडेकर
कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा. मोडी वाचणारी माणसं तिथं भेटतात. आमच्या जमिनीच्या कागदाला मी तिथंच गेलेलो. फोटो काढून न्या, वही नेऊ नका पावसाचं.

पन्हाळ्याची लेक
कापणीचा सण झाला आमचा. दानात आलेल्या मालाच्या लिलावात पहिल्याच भोपळ्याला साडेसातशे! गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आलेला एका गुऱ्हाळवाल्या पाटलांकडून, ते मंडळीतले नाहीत, दरवर्षी देतात. विचारलं तर म्हणाले, माझ्या आजीचं बाळंतपण कोडोलीच्या मिशनमध्ये झालं, तिनं सांगून ठेवलंय. तो रवा तीन वेळा लिलावात फिरला. घेणारा परत दान करतोय, परत बोली. शेवटी कापून सगळ्यांना वाटला. पैसे कौलांना लागणार आहेत, पत्रा नको असं आम्ही बायकांनीच लावून धरलंय. पावसात पत्र्याखाली वचन ऐकूच येत नाही.

शाहूवाडी_माळ
पत्रा नकोच ताई. आमच्याकडं घातलाय, आषाढात पाळकसाहेब बोलायचे थांबून गीत सुरू करतात

शाहूवाडी_माळ
आमची बातमी चांगली नाही. पाळकसाहेबांची बदली झाली मे मध्ये. अकरा घरं आमची, पोरं सगळी पुण्याला. आता एका पाळकाकडं चार गावं, महिन्यातनं एकदा येतात. बाकी रविवारी माझे वडील वचन वाचतात. वय 78. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून मी आदल्या रात्री मोठ्या अक्षरात लिहून देतो. गेल्या रविवारी आम्ही सातजण होतो. सातजणांनी चारी कडवी म्हटली.

पन्हाळ्याची लेक
दादा 🙏 वडिलांना नमस्कार सांगा. आम्ही पुढच्या महिन्यात येऊ का, तरुण संघ घेऊन? पेटी-तबला आमचा.

शाहूवाडी_माळ
या की. जेवण आमच्याकडं. किती जण ते आधी सांगा फक्त

जुना_शाहूपुरीकर
मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 ला कोल्हापुरात आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 ला इथंच जन्मला. आमच्या चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत हे घोकून घेतलेलं. पण गावोगावी पहिलं घर कुणाचं, पहिली वीट कुणी दिली, हे कुणीच लिहून ठेवलं नाही. आता आमची पोरं मोबाईल घेऊन म्हाताऱ्यांना बोलतं करतायत. एका आजींनी नारायण वामन टिळकांची भजनं ओवीच्या चालीवर म्हणून दाखवली, जात्यावर म्हणायच्या तशी. असली चाल मी पहिल्यांदाच ऐकली. भोगावतीकाठ, तुमच्या आजोबांच्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग आहे का कुठं?

भोगावतीकाठ
नाही ओ काका. त्यांचा फोटोही एकच आहे, तो लग्नातला.

रस्सा_प्रेमी
नाताळला दोनशे माणसांना तांबडा रस्सा करायचाय, मटण किती घ्यावं? कुणी केलंय का?

पंचगंगेची सून
आले परत. 35 किलो धरा, पांढराही करणार असाल तर अळणी पाणी आधीच वेगळं काढा. खोबरं भाजायला तीन माणसं लावा, एकट्यानं होत नाही.

रस्सा_प्रेमी
धन्यवाद काकू!

शाहूवाडी_माळ
भोगावतीकाठ, मयतीचे ठोके किती सेकंदांनी द्यायचे तुमचे आजोबा? आमच्याकडं ते माहीत असलेलं आता कुणी नाही.

भोगावतीकाठ
सेकंद नाही मोजायचे ते. आधीच्या ठोक्याचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबायचे, मग पुढचा. रविवारी तुमच्याकडं येतो, वाजवून दाखवतो.