तारण, विश्वास आणि नास्तिक: आमच्याकडं यांचा नेमका अर्थ काय?

काळीमाती
गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. मी देव मानत नाही हे गावाला म्हाईत आहे, त्यामुळं घरोघरी फिरणारे ख्रिस्ती प्रार्थनेवाले आले की आधी माझ्याच ओट्यावर टेकतात, बाकीच्यांच्या घरात कोणी ना कोणी देव बसलेला आहे, इथं जागा खाली दिसत असंल. माणसं वाईट नाहीत, कोणी आजारी असलं तर विचारपूस करतात. परवा त्यांच्यातल्या ब्रदरनं विचारलं, "भाऊ, तुमचं तारण झालं का?" मी काही बोलायच्या आधी बाजूचे काका म्हणाले, "तूर टाकली नं बाजार समितीत, पैसे नाई मियाले अजून." ब्रदर पाहतच रायले.
तर प्रश्न असा, की एकच शब्द कर्जाला कसा आणि मुक्तीला कसा? आणि दुसरं, "माझा विश्वास नाही" म्हटलं की ते ऐकतात "अजून नाही", आणि नास्तिक म्हटलं की घरच्यांनाच ती शिवी वाटते. मग म्हणायचं तरी काय?

संत्राबर्फी
मूळ एकच, तारणे म्हणजे पार नेणे, त्यातूनच तारू, तारक, आणि देव तारी त्याला कोण मारी. कर्जाचं पण तसंच बघा, कर्ज 'बुडतं', मग सावकाराला बुडू न देणारी वस्तू म्हणजे तारण, असं मला वाटतं. गावात दागिना गहाण पडतो आणि बँकेत गेला की तोच सोनेतारण होतो, फरक कागदाचा. काकांचं चुकलं नाही, शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते, सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात तारण म्हटलं की तेच आठवणार.
बायबलमधलं तारण म्हणजे पापातून सुटका. प्रेषितांची कृत्ये १६:३१ मध्ये विश्वास ठेवला तर तुझ्यासोबत तुझ्या घरच्यांचंही तारण होईल असा मजकूर आहे, म्हणून ते अख्ख्या घराची चौकशी करतात.

काळीमाती
अगदी! आईचं नाव, बायकोचं नाव, पोराची दहावी, सगळं वहीत लिहून नेलं प्रार्थनेसाठी. मी म्हटलं पोराला गणित शिकवणारा कोणी असंल तर पाठवा.

मंडळीतली
मी ख्रिस्ती आहे, अमरावतीकडची, म्हणून थोडं बोलते. आमच्या घरात कोणी दारोदार जात नाही, ते आधी सांगून ठेवते. जुन्या लोकांच्या तोंडी 'मंडळी' असते, म्हणजे चर्चमधले लोक. घरोघरी फिरणारे बरेचसे नव्या गटांचे असतात, ते 'विश्वासी' म्हणतात, 'अमका विश्वासात आला' म्हणतात. त्यांच्या बोलण्यात विश्वास ही माणसाची अवस्था आहे, मत नाही. त्यामुळं तुम्ही 'विश्वास नाही' म्हटलं की त्यांना तुम्ही दाराबाहेर उभे असलेले वाटता, आणि बाहेरच्याला आत बोलवायचंच ना! 'साक्ष' पण तशीच, कोर्टातली नाही, 'मी आधी असा होतो, मग असा बदललो' ही गोष्ट.

जुनापाना
नास्तिकाबद्दल. पाणिनीचं सूत्र आहे 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०), 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. काय नाही, ते सूत्रात नाहीच. टीकाकार म्हणतात परलोक नाही. मनुस्मृतीत (२.११) मात्र नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा, ईश्वराचा संबंधच नाही. त्या हिशेबानं तुमचे ब्रदरसुद्धा नास्तिक, पुढच्या वेळी सांगून पहा 😄

निळाझेंडा
शब्द आपल्याच भागात तयार आहे की, 'मानणे'. १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली पहिलीच, ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. आमच्या आजीला शाळा माहीत नव्हती पण हे वाक्य पाठ होतं. 'मानत नाही' म्हटलं की ठरवून सोडलंय हे समोरच्याला कळतं, विश्वासासारखं 'आज ना उद्या येईल' वाटत नाही.

संत्राबर्फी
फक्त जपून. 'पोरगं बापाले मानत नाही' यात मानणे म्हणजे मान देणे. 'मी येशूला मानत नाही' म्हणाल तर अपमान केल्यासारखं होईल. 'देव आहे असं मी मानत नाही' हे पूर्ण वाक्य बोला.

काळीमाती
हे जमंल. आणि वरून "पण तुम्हाला मानतो" म्हणून टाकतो, म्हणजे वाईट वाटणार नाही.

मंडळीतली
अहो नको, 'मानतो' ऐकलं की रविवारी गाडी घेऊन न्यायला येतील. 'तुमचा मान ठेवतो' म्हणा.