घरच्या सुऱ्यांना धार लावण्यासाठी दगड घ्यावा की खाचेतून ओढायचे उपकरण?

प्रश्न:
नमस्कार. रोजच्या वापरातल्या माझ्या दोन्ही सुऱ्या इतक्या बोथट झाल्या आहेत, की टोमॅटोची साल कापली न जाता नुसती दबते. खाचेतून पाते ओढायचे छोटे उपकरण सोपे वाटते, परंतु त्याने पाते लवकर झिजते असे ऐकले आहे. दगड घ्यायचा तर कोणता घ्यावा? की पोलादी सळईने काम भागेल?

उत्तर १:
आपण ऐकले ते खरे आहे. खाचेतल्या कार्बाइडच्या (अतिशय कठीण पदार्थाच्या) पट्ट्या धातू खरवडून काढतात आणि धार खडबडीत ठेवतात. एकच दगड घ्यायचा असेल तर १००० ग्रिटचा घ्यावा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा; आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). कडेचे टवके उडाले असतील तरच ४०० चा लागतो. खरी मेख कोनात आहे. जपानी धाटणीच्या सुरीला प्रत्येक बाजूने साधारण १५ अंश, तर जाड पाश्चात्त्य सुरीला २० अंश ठेवतात. पाते ४० मिलिमीटर रुंद असेल, तर १५ अंशांसाठी त्याची पाठ दगडापासून सुमारे १० मिलिमीटर आणि २० अंशांसाठी सुमारे १४ मिलिमीटर उचलावी. धारेच्या उतारावर मार्करने रेघ ओढून दोन-चार वेळा घासावे. शाई फक्त वरच्या, म्हणजे धारेपासून दूरच्या भागातली गेली, तर कोन कमी पडतो आहे असे समजावे.

उत्तर २:
सळईबद्दल लिहितो. गुळगुळीत पोलादी सळई वाकलेली धार सरळ करते, झिजलेली धार नव्याने घडवत नाही. म्हणून ती दगडाला पर्याय ठरत नाही. पाणी लावून वापरायच्या दगडावर तेल मात्र कधीही घालू नये.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. एक बाजू पुरेशी घासली गेली, हे कसे ओळखावे?

उत्तर १:
विरुद्ध बाजूवर, पाठीकडून धारेच्या दिशेने आणि धारेबाहेर, अंगठा अलगद सरकवावा. टाचेपासून (पात्याच्या मुठीकडच्या भागापासून) टोकापर्यंत सलग बारीक खरखर लागली, म्हणजे धातूची बर (घासल्याने धारेवर पलीकडे वळलेली बारीक किनार) उठली. मगच सुरी उलटावी. ती मध्येच तुटक लागत असेल, तर तेवढ्या भागावर आणखी घासावे. माझ्या मते बहुतेकांची धार इथेच बिघडते, कारण बर उठण्याआधीच ते बाजू बदलतात. शेवटी दाब कमी करत बाजू आलटून-पालटून हलके हात मारावेत आणि उरलेली बर चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, काढावी.