‘स्पेल कास्ट करणे’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जादूने लढायच्या व्हिडिओ गेम्सवर मराठीत लिहितोय. ‘स्पेल’ला मंत्र लिहिलं, पण ‘मंत्र कास्ट केला’ वाचवत नाही. ‘मंत्र टाकला’ म्हटलं तर फेकूनच दिल्यासारखं वाटतं. कोणतं क्रियापद घ्यावं?

उत्तर: एकच क्रियापद शोधू नका. मराठीत जशी जादू तसं क्रियापद. मंत्र पुटपुटतात, मोहिनी घालतात, शाप देतात, मूठ मारतात, अस्त्र सोडतात. तलवारीला ज्वाळा फुटणार असतील तर तलवार मंतरली किंवा भारली.

लढाईत शत्रूवर सुटणाऱ्या जादूला मी बेधडक अस्त्र म्हणेन. शस्त्र हातात धरून चालवतात, अस्त्र मंत्राने भारून सोडतात. आणि या खेळांची सगळी मजा त्या सोडण्यात आणि त्याआधीच्या तयारीत असते, म्हणून तयारीलाही वेगळं क्रियापद द्या. ‘मॅजिका’त (२०११) आठ तत्त्वं आहेत, एका वेळी पाचपर्यंत जोडता येतात. आग आणि पाणी मिळून वाफ होते, विरोधी तत्त्वं एकमेकांना खोडून काढतात, आणि अंग ओलं असताना वीज बोलावली की झटका आपल्यालाच बसतो. शत्रू अंगावर धावून येत असताना बोटं ही जुळणी करत असतात! तिथे मंत्र ‘जुळवला’ आणि मग ‘सोडला’. ‘आर्क्स फटालिस’मध्ये (२००२) माउसने हवेत खुणा काढायच्या, म्हणजे मंत्र ‘रेखला’. ‘नोइटा’त छडीमध्ये मंत्रांचा क्रम लावायचा, तिथे ‘रचला’.

‘ड्रॅगन्स डॉग्मा’त (२०१२) मोठ्या मंत्राला बराच वेळ लागतो. तेवढ्यात एखाद्या राक्षसाचा जोरदार तडाखा बसला की मंत्र ‘मोडतो’, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण पुरा झाला, की आकाशातून जळते दगड कोसळतात. इतका वेळ जीव मुठीत धरून थांबल्यावर त्याचं जे समाधान मिळतं, ते बटण दाबताच सुटणाऱ्या गोळ्यात नाही. ‘कास्ट केला’ लिहिलंत तर हे दोन्ही प्रकार एकसारखेच वाटतील.

प्रश्न: पटलं. मग माना (जादू करताना खर्च होणारी शक्ती), कूलडाउन (तोच मंत्र पुन्हा वापरता येईपर्यंतचा थांबा), स्टन (शत्रूला काही क्षण जागीच खिळवणं) यांना काय म्हणावं?

उत्तर: माना तसाच ठेवा. पॅसिफिक बेटांवरच्या भाषांतून आलेला शब्द आहे, खेळणाऱ्या सगळ्यांना कळतो. कूलडाउनही राहू द्या, ‘शीतनकाल’ वगैरे घडवू नका.

स्टनला मात्र तयार शब्द आहे: स्तंभन. तंत्रातली षट्कर्मं पाहा: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. शत्रूला आपल्या बाजूने लढायला लावलं की वशीकरण, घाबरवून पळवून लावलं की उच्चाटन. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) ‘फ्यूरी’ नावाची जादू आहे, तिने शत्रू आपापसातच भिडतात. हे तर शब्दशः विद्वेषण. एवढा नेमका शब्द हाताशी असताना ‘शत्रूंमध्ये भांडण लावणारा मंत्र’ असं लांबण कशाला लावायचं?