वेगमर्यादेचा दंड: जीव वाचतात की नुसत्या पावत्या फाटतात?

मोकळा_रस्ता (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात घरी दंडाची नोटीस आली. ५० च्या रस्त्यावर ६१. सोबत फोटो: माझी गाडी, मागेपुढे चिटपाखरू नाही, वेळ पहाटे ५:४०. तीन-तीन लेनचा, मध्ये दुभाजक असलेला, नाकासमोर सरळ जाणारा रस्ता. पैसे त्याच दिवशी भरले. चूक माझी, त्याचं रडगाणं इथे गायचं नाही.

प्रश्न वेगळा आहे. वेगमर्यादा कडक राबवली की रस्ते सुरक्षित होतात, हे आपण सगळेच धरून चालतो. खरंच होतात का?

माझं म्हणणं असं, की माणूस पाटी बघून गाडी चालवत नाही, रस्ता बघून चालवतो. विमानाच्या धावपट्टीसारखा रस्ता बांधायचा, त्यावर ५० ची पाटी ठोकायची आणि मग खांबावर कॅमेरा बसवून वाट बघत राहायचं, ही चूक आधी रस्ता आखणाऱ्याची आहे. शिवाय कॅमेऱ्याचा परिणाम किती, तर खांब येईपर्यंत. सगळ्यांचे ब्रेक-दिवे एका ओळीत लागतात आणि खांब मागे पडला की सगळ्यांचा पाय पुन्हा खाली.

जर्मनीच्या ऑटोबानचा बराच मोठा भाग आजही वेगमर्यादेविना आहे, १३० ही फक्त शिफारस. तरी त्या देशातले निम्म्याहून जास्त रस्तेबळी जातात ते गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर, जिथे १०० ची मर्यादा आहे. नेदरलँड्समधल्या द्राख्तन गावात हान्स मोंडरमन या वाहतूक अभियंत्याने एका गजबजलेल्या चौकातून सिग्नल आणि बहुतेक पाट्या काढूनच टाकल्या. लोक आपोआप हळू झाले, कारण समोर काय येईल याचा भरवसा राहिला नाही.

तेव्हा दंड हा सुरक्षेचा उपाय आहे की रस्ता नीट न बांधल्याबद्दल चालकाकडून घेतलेली भरपाई?

ब्रेक_दाबा

धागा वाचून वही काढली. ६१ चा ६० करतो, तुमच्या बाजूने एक किलोमीटर सोडला.

शेजारी-शेजारी दोन गाड्या, एक ५० ने, एक ६० ने. समोर अचानक कुणीतरी आलं. दोन्ही चालक सारखेच तरबेज, दोघांनाही पाय ब्रेकवर न्यायला एक सेकंद लागला. कोरडा रस्ता, चांगले टायर. ५० वाली गाडी त्या सेकंदात १४ मीटर जाते, पुढच्या १४ मीटरमध्ये थांबते. एकूण २८ मीटर. आता ६० वाली. तिचा पहिला सेकंदच १७ मीटर खातो. २८ मीटरच्या रेषेवर, म्हणजे पहिली गाडी जिथे उभी आहे तिथे, दुसरी अजून ताशी ४० च्या आसपास पळत असते.

पुन्हा वाचा. फरक १० चा होता. एक थांबली, दुसरी ४० ने धडकली. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते हे शाळेच्या पुस्तकातलं आहे, त्याला कुठला अभियंता काय करणार?

बाकी पहाटे ५:४० ला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं हे कॅमेऱ्याने कसं ओळखावं अशी तुमची अपेक्षा आहे?

मोकळा_रस्ता

वेगाने धडक जोरात बसते हे मी कुठे नाकारलं? मुद्दा सक्तीचा आहे. तुमच्या वहीत गाड्या ५० ने चालतात. रस्त्यावर त्या ५० ने चालतात का, आणि दंडामुळे चालायला लागतात का, ते सांगा.

आडवा_प्रश्न

धागाकर्त्याशी सहमत, आणि थोडा पुढे जातो.

अमेरिकेत तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये देशभर ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आली. १९७३ चे ५४ हजार बळी १९७४ मध्ये ४५ हजारांवर आले आणि वेगमर्यादावाल्यांनी हाच आकडा कायमचा पाठ केला. पण त्या वर्षी पेट्रोलच मिळत नव्हतं! लोकांनी गाड्याच कमी चालवल्या. पुढे तर ती मर्यादा पाळणारा शोधावा लागे. शेवटी १९९५ मध्ये काढून टाकली.

दुसरं, १९६४ मधला डेव्हिड सॉलोमन यांचा अभ्यास. आसपासच्या गाड्यांपेक्षा फार जोरात जाणारा धोक्यात असतो, आणि फार हळू जाणाराही. आलेखाचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा. म्हणजे धोका वेगापेक्षा वेगांमधल्या तफावतीत आहे. सगळे ७० ने चाललेले असताना एक जण मर्यादेचं सोवळं पाळत मधल्या लेनमधून ५० ने चालतो, त्याच्यामुळे दहा जण लेन बदलतात. त्याला दंड कोण करणार?

आकडेमोड

आडवा_प्रश्न, दोन्ही उदाहरणं अर्धीच दिलीत.

१९७४ चं श्रेय सगळं मर्यादेचं नाही, बरोबर. पण म्हणून शून्य? तिथल्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८४ मध्ये तेलटंचाईचा परिणाम वेगळा काढून हिशेब केला, तरी वर्षाला दोन ते चार हजार जीव मर्यादेच्या खात्यात उरले.

सॉलोमनच्या यू ची डावी बाजू, म्हणजे हळू जाणाऱ्यांचा धोका, नंतरच्या संशोधकांनी बरीच उतरवली. त्यातले पुष्कळ ‘हळू’ वाहनवाले वळण घ्यायला किंवा थांबायला वेग कमी करत होते. वळताना मागून ठोकर बसली तर ती ‘हळू चालवल्यामुळे’ बसली म्हणायची का? आणि तफावत हेच दुखणं मानलं तरी कमी कशी करणार? सगळ्यांना ७० वर नेऊन की ५० वर आणून? सायकलवाला आणि पायी चालणारा तुमच्या सरासरीत येतच नाहीत.

ऑटोबानही घ्या. तिथे समोरून गाडी येत नाही, चौक नाही, पादचारी नाही, सायकल नाही. अशा रस्त्याची तुलना झाडांच्या रांगेतून जाणाऱ्या दुपदरी रस्त्याशी करायची म्हणजे तरणतलावात बुडणारे आणि नदीत बुडणारे मोजण्यासारखं आहे. तुलना करायची तर ऑटोबानच्या मर्यादा असलेल्या तुकड्यांशी मर्यादा नसलेल्यांची करा. ती बिनमर्यादेच्या बाजूने जात नाही.

आता कॅमेरे. फ्रान्समध्ये २००२ साली सात हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर गेली. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये स्वयंचलित कॅमेरे सुरू झाले, २००५ पर्यंत आकडा पाच हजारांच्या आसपास. त्याच काळात दारू पिऊन चालवण्यावरही बडगा उगारला होता, म्हणून पूर्ण श्रेय कॅमेऱ्याला देत नाही. पण कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये वेगवेगळ्या देशांतले ३५ अभ्यास एकत्र तपासले. कॅमेऱ्यांच्या परिसरात जिवावर बेतणारे आणि गंभीर इजेचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं.

एक कबुली माझ्याच बाजूविरुद्ध. कॅमेरा बहुतेक वेळा जिथे नुकतेच बरेच अपघात झालेत तिथे लागतो. वाईट वर्षानंतर बरं वर्ष तसंही येतंच. तेवढी घट कॅमेरा नसता तरी झालीच असती, ती वजा करावी लागते. चांगले अभ्यास करतात. केल्यावरही काहीतरी शिल्लक उरतं.

जुनी_वही

तुमचं चालू द्या, थोडं अवांतर.

इंग्लंडमध्ये १८६५ चा कायदा होता: यांत्रिक गाडीला गावात ताशी दोन मैल, गावाबाहेर चार, आणि पुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालायचा. १८९६ च्या जानेवारीत वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ केंट परगण्यात ताशी आठ मैलांनी गेला. हवालदाराने सायकलवरून पाठलाग करून पकडलं. दंड एक शिलिंग. त्याच वर्षाअखेरीला मर्यादा १४ मैलांवर गेली. म्हणजे मर्यादा मूर्ख असू शकते, आणि पकडणारा तेव्हाही होताच.

आणि ज्या कॅमेऱ्याला सगळे शिव्या घालतात तो बनवला मॉरिस गॅट्सोनिडेस या डच रॅली चालकाने. कशासाठी? वळणावर आपला वेग नेमका किती राहतो ते मोजून अजून जोरात जाता यावं म्हणून!

तपासणीस

मी अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करतो. नुकसान किती, दावा खरा की खोटा, एवढंच माझं काम. पंचवीसएक वर्षं झाली.

जबाबात प्रत्येक जण ‘चाळीसच्या आत’ असतो. बॉनेट काचेपर्यंत आलेलं, स्टिअरिंग सीटला टेकलेलं, आणि कागदावर ‘वेग मध्यम होता’. पूर्वी रस्त्यावरच्या टायरच्या खुणा मोजायचो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आल्यापासून खुणाही धड उमटत नाहीत, पण आता बऱ्याच गाड्यांच्या एअरबॅगच्या यंत्रणेत धडकेआधीच्या पाच सेकंदांचा वेग नोंदलेला सापडतो. तो कागदावरच्या वेगाशी जुळलेला फार क्वचित पाहिलाय.

पण माझा अनुभव दोन्ही बाजूंना गैरसोयीचा आहे. निव्वळ वेगामुळे झालेला अपघात कमी दिसतो. कारण दुसरंच असतं: मोबाइल, डुलकी, आरशात न बघता बदललेली लेन. वेग नंतर येतो. त्याच चुकीची शिक्षा बंपर की माणूस, हे त्यावर ठरतं. म्हणून ‘अपघातांचं कारण वेग’ असा तक्ता कुणी दाखवला की मी जरा सावध होतो, आणि ‘वेग कारण नाही’ म्हणणाऱ्यापासून तर जास्तच.

पायी_पायी

इतके प्रतिसाद झाले आणि सगळे गाडीत बसून लिहितायत.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटर, गुडघा दुखत असेल तर तेवढाही नाही. धागाकर्त्याचा तीन-तीन लेनचा रस्ता म्हणजे दुभाजक धरून बावीस-तेवीस मीटर. तिला तो ओलांडायला तेवीसएक सेकंद लागतात. तेवढ्यात ६० ची गाडी ३८० मीटर येते. म्हणजे आईने फूटपाथवरून पाय खाली ठेवला तेव्हा जी गाडी तिला दिसतसुद्धा नव्हती, ती गाडी ती पलीकडे पोचायच्या आत येऊन ठेपते. ती येणाऱ्या गाडीचा अंदाज हेडलाइटच्या आकारावरून बांधते. तो अंदाज ५० चा असतो, कारण पाटीवर ५० लिहिलंय. पाटीवर चालक विश्वास ठेवत नसतील, ओलांडणारे ठेवतात.

आणि हो, ती सकाळी फिरायला पावणेसहालाच निघते.

आडवा_प्रश्न

आईंबद्दल आदर आहे. पण तेवीस मीटरचा रस्ता एका दमात ओलांडायला लावणं हाच मूळ गुन्हा नाही का? दुभाजकावर थांबायला जागा द्या, झेब्रा उंच करा, लेन अरुंद करा. कॅमेरा आईंना रस्ता ओलांडून देत नाही.

पायी_पायी

सगळं करा, मी मोर्चाला येते. पण होईपर्यंत किती वर्षं? कॅमेरा पुढच्या आठवड्यात लागतो.

मोकळा_रस्ता

पायी_पायी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पावणेसहाचा टोला लागला.

तरी एक सांगतो. लोकांना पटलेलं नसताना सक्ती केली की ती उलटते. फ्रान्सचं पुढचं प्रकरणही बघा: २०१८ मध्ये दुपदरी रस्त्यांवरची मर्यादा ९० वरून ८० केली, त्याच हिवाळ्यात पिवळ्या जॅकेटवाल्यांच्या सरकारविरोधी आंदोलनात निम्म्याहून जास्त कॅमेरे फोडले, जाळले किंवा रंग फासून आंधळे केले गेले. पुढे कित्येक जिल्ह्यांनी ९० परत आणली. वेल्समध्ये २०२३ साली वस्तीतली मर्यादा ३० मैलांवरून २० वर आली, तर विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या. एवढ्याशा देशात!

आकडेमोड

आणि वेल्सच्या त्या रस्त्यांवर पहिल्या वर्षात जखमी आणि मृतांचा आकडा साधारण पाव हिश्श्याने उतरला, तेही लिहा की. राग खरा, घटही खरी.

तुमच्या खांबाच्या तक्रारीवर मात्र सहमत. एका जागचा कॅमेरा खांबापुरताच राहतो. म्हणून स्कॉटलंडमध्ये ए-७७ आणि ए-९ रस्त्यांवर सरासरी वेग धरणारे कॅमेरे लावले: इथे नंबर टिपला, काही किलोमीटरवर पुन्हा टिपला, मधल्या वेळेवरून वेग काढला. खांबाशी ब्रेक मारून उपयोग नाही. हेलसिंकीत २०२४ च्या जुलैपासून वर्षभर रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. तिथे निम्म्याहून जास्त रस्ते ३० चे आहेत, लेन अरुंद आहेत आणि कॅमेरेही आहेत. तुम्ही दोघं ‘हे की ते’ म्हणून भांडताय, तिथे दोन्ही केलं.

ब्रेक_दाबा

द्राख्तनबद्दलही बोला कुणीतरी. तिथे पाट्या काढल्या म्हणून सगळे नाचतात. पण तिथेही वेगच उतरवला होता, फक्त पाटीशिवाय.

मोकळा_रस्ता

ते मान्य.

आज पहाटे त्याच रस्त्यावर गेलो, पायी. दोन विजेच्या खांबांमधलं अंतर पावलांनी मोजून शंभर मीटरचा पट्टा धरला. ५० ने शंभर मीटरला ७.२ सेकंद लागतात. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्याच्या पुढे साधारण अर्ध्या किलोमीटरवर उभा राहिलो. चाळीस गाड्या मोजल्या, तेहतीस सातच्या आत गेल्या. एक तर सव्वाचारला. मग कॅमेऱ्याच्या खांबापाशी तेच केलं: चाळीसात चार. मग आणखी पुढे, जिथे जुन्या पुलामुळे रस्ता एका लेनचा होतो. तिथे कॅमेरा नाही, पाटीही झाडाआड गेलेली. चाळीसात दोन.

आता यावरून कुणाचं बरोबर ते तुम्हीच ठरवा, मी तर पुलावर बोट ठेवणार.

पायी_पायी

अर्धा किलोमीटर पुढे, म्हणजे बसथांब्यासमोर उभे होतात का? तो सव्वाचारवाला गेला तेव्हा थांब्यावर कोण होतं?

मोकळा_रस्ता

दोन बायका आणि शाळेचा एक मुलगा. ओलांडायला थांबले होते. मी मोजत होतो तेवढा वेळ, साधारण वीस मिनिटं, तिथेच होते.