छात्राध्यापकांशी ईमेलवर पाठांची चर्चा: कुणी करतं का?

प्रश्न (यावलकरीण): एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, तोही वाढला. माझे छात्राध्यापक (बी.एड.चे विद्यार्थी) चोपडा-यावलच्या शाळांत विखुरलेले, म्हणून ईमेल लिहायला लावते, त्याला गुणही असतात. येतं काय? "पाठ छान झाला, उत्तम प्रतिसाद मिळाला." निव्वळ टाचणवही, तपासणीपुरतं लिहिलेलं! खरं कसं लिहून घ्यायचं?

सातपुडेकर: ताई, आधी त्या पत्रांना गुण देणं थांबवा. गुण देणाऱ्याला खरं कोण सांगेल? आणि विचारायचं ते बारीक विचारा. मी एकीला लिहिलं, अपूर्णांक शिकवताना खिडकीजवळची मुलं काय करत होती? तिने दुसऱ्या दिवशी वह्या चाळल्या. १/३ पेक्षा १/४ मोठा, कारण ४ मोठे, असं तिघांनी लिहिलेलं! पुढचा पाठ तिने भाकरी मोडून घेतला.

तापीकाठ: आमच्याकडे धडगावच्या पाड्यांवर रेंजची बोंब. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून ठेवतात, बाजाराला उतरले की पाठवतात. लिहिताना सजवतात, बोलताना तेवढं जमत नाही त्यांना.

यावलकरीण: गुण बंद करणं माझ्या हाती नाही हो. पण पत्रं गुणांच्या फाइलबाहेर ठेवते. खिडकीचा प्रश्न आजच पाठवते.