गोषवारा नव्हे, क्लेम वाचा

पेटंटच्या गोषवाऱ्यावरून त्याची व्याप्ती कळते, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. अभियंता रॉबर्ट डेनार्ड यांचं डीरॅमचं (संगणकातल्या एका प्रकारच्या मेमरीचं) अमेरिकी पेटंट, क्रमांक ३३८७२८६, उघडून पाहा. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर ही त्यातली कल्पना सुंदरच आहे, पण हक्क ठरतो तो शेवटी दिलेल्या क्लेममधल्या, म्हणजे क्रमांक घातलेल्या दाव्यांमधल्या, शब्दांनी. आधी स्वतंत्र, म्हणजे दुसऱ्या क्लेमवर न टेकलेला, क्लेम घ्या, त्याचे तुकडे पाडा आणि एकेक घटक आपल्या सर्किटशी ताडून बघा. एक जरी घटक किंवा त्याच्याशी समतुल्य असं काही सर्किटमध्ये नसेल, तर त्या क्लेमचं उल्लंघन होत नाही. 'क्लेम १ प्रमाणे' असं म्हणणारे क्लेम त्याहून अरुंद असतात, ते नंतर पाहिले तरी चालतं.

मुदतही तपासाच. तेव्हा ती मंजुरीपासून १७ वर्षं असे, म्हणजे १९६८ चं हे पेटंट १९८५ लाच संपलं. आताच्या अर्जांना अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं मिळतात, तीही पेटंट चालू ठेवण्याची मधली शुल्कं वेळेवर भरली तर.