आंब्यांच्या खोलीत कार्नेशन एका रात्रीत मिटली, जरबेरा मात्र ताजे, असं का?

फुलवेडी:
भाचीच्या साखरपुड्यासाठी आदल्या दुपारी कार्नेशन आणि जरबेरा आणले, एकाच बादलीत, पाणीही तेच, आणि मागची खोली गार असते म्हणून तिथे ठेवले, तिथेच हापूसची अढी घातलेली. सकाळी बघते तर कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटलेल्या आणि जरबेरा टवटवीत! ऐनवेळी झेंडूवर भागवलं. फुलवाला म्हणतो माल ताजा होता. पाणी खराब म्हणावं तर जरबेराला काहीच कसं झालं नाही?

अ‍ॅग्रीवाला:
फुलवाल्याला बोलू नका, काम आंब्यांचं आहे. पिकताना आंबा इथिलीन वायू सोडतो आणि कार्नेशनला तो जरासा लागला तरी पुरतो, कारण मग पाकळ्या स्वतःच इथिलीन बनवायला लागतात, मेथिओनिन या अमिनो आम्लापासून एसीसी नावाचा मधला पदार्थ आणि एसीसीपासून इथिलीन (एसीसी ही मधली पायरी आहे हे १९७९ मध्ये कळलं), म्हणजे आंब्याच्या आत जे चालतं तेच फुलात चालू होतं. मग पाकळीतली प्रथिनं, पेशींची आवरणं मोडायला लागतात, त्यातला माल बीजांडकोशाकडे जातो. झाडाच्या हिशेबाने परागीभवन झालं की पाकळीचं काम संपलं, आणि बाहेरून इथिलीन आलं की फुलाला तसंच वाटतं. जरबेराला या वायूचं फारसं सोयरसुतक नाही.

फुलवेडी:
अरे देवा. आता दांडे कापून गार पाण्यात ठेवले तर उघडतील का?

अ‍ॅग्रीवाला:
नाही हो, एकदा मिटली की संपलं. जे करायचं ते आधीच.

पॉलिहाऊसवाला:
आम्ही कार्नेशन काढल्या काढल्या सिल्व्हर थायोसल्फेटच्या पाण्यात ठेवतो, इथिलीन जिथे चिकटतं ती जागाच चांदी अडवते, पण ते पाणी नाल्यात ओतायचं नाही, जड धातू आहे. वन-एमसीपी गॅस पण तेच काम करतो, पण त्याला बंद खोली लागते. घरी एवढं जमणार नाही, फळांपासून लांब आणि थंड जागेत ठेवा बास. आणि नुसती साखर पाण्यात टाकू नका, फुलाआधी बॅक्टेरियाच जेवतात. जरबेरा मान टाकतो तो त्यांच्यामुळेच, दांडा आतून तुंबतो आणि पाणी वर चढत नाही, म्हणून त्याला बादलीत पाणी कमी ठेवा, रोज बदला, बादली घासून घ्या.